टर्बो रोटरी गाडीला कस्टम स्ट्रेट पाइप बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बो रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं टर्बो इंजिन, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माझदाची आरएक्स-७ येते: १९८५ मध्ये आलेली एफसी आणि १९९१ ते २००२ या काळात बनलेली एफडी. खालची उत्तरं मुख्यतः या गाड्यांमधलं १३बी टर्बो इंजिन धरून दिली आहेत. तीन रोटरचं २०बी असो किंवा दुसऱ्याच गाडीत बसवलेलं १३बी, तत्त्व तेच राहतं. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं जवळजवळ प्रत्येक उत्तर फिरून तिथेच येणार आहे. या इंजिनाचा एक्झॉस्ट मोकळा केला की बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) आणि पेट्रोल या दोन्हींचं गणित बदलतं. ते आधी सोडवा, पाइप नंतर कापा.

स्ट्रेट पाइप करायचा म्हणजे नेमकं काय काय काढायचं?

एफडीत टर्बोच्या पुढे क्रमाने तीन गोष्टी येतात: डाउनपाइपमध्येच (टर्बोतून निघणाऱ्या पहिल्या नळीत) असलेला छोटा प्री-कॅट, मग गाडीच्या पोटाखालचा मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि शेवटी मफलर, ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो. तिन्हींच्या जागी सरळ नळी आली की तो खरा स्ट्रेट पाइप. पण लोक हा शब्द सैल वापरतात. मध्ये एखादा रेझोनेटर (आवाज कमी करणारा छोटा डबा) असला तरी त्याला स्ट्रेट पाइपच म्हणतात.

तिन्ही भाग काढण्याचा परिणाम सारखा नसतो. सर्वांत जास्त अडथळा आणि सर्वांत जास्त उष्णता प्री-कॅटमध्ये असते. तो टर्बोला अगदी चिकटून बसलेला असल्यामुळे बॉनेटखालचं सगळं रबर, व्हॅक्यूम नळ्या आणि वायरिंग भाजून काढतो. फक्त तेवढा बदलून साधा डाउनपाइप लावला तरी इंजिन-बे थंड राहतो. मफलर काढून मिळणारा फायदा त्यामानाने थोडा असतो आणि आवाज मात्र त्यानेच सर्वांत जास्त वाढतो.

पिस्टन इंजिनाच्या टर्बो गाडीला लावतात तसाच लावायचा ना? यात वेगळं काय?

तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, उष्णता. रोटरीचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असतो, आणि तो जळता-जळता पुढे सरकत असतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडतो तेव्हाही मिश्रण पूर्ण जळलेलं नसतं. शिवाय प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा धूर सोडतो, तर चार-स्ट्रोक पिस्टनचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे पोर्टला आणि पुढच्या पाइपला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. जोरात चालवताना टर्बोच्या आधी ९०० डिग्री सेल्सिअसच्या वर तापमान जाणं या इंजिनाला नवीन नाही.

दुसरी, आवाज. इथे व्हॉल्व्ह नाहीत. १३बी टर्बोत रोटरची कडा हाउसिंगमधल्या पोर्टवरून सरकते आणि पोर्ट एकदम उघडतो. दाब धाडकन सुटतो. म्हणून रोटरीचा आवाज तेवढ्याच ताकदीच्या पिस्टन इंजिनापेक्षा कर्कश असतो. टर्बाइन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं टर्बोचं चाक, त्यातला बराच शोषून घेतं, तरी उरतो तो पुरेसा असतो.

तिसरी, तेल. रोटरच्या टोकांवरच्या सील करणाऱ्या पट्ट्यांना, म्हणजे अॅपेक्स सीलना, वंगण मिळावं म्हणून मीटरिंग पंप थोडं इंजिन ऑइल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडतो. ते जळून एक्झॉस्टमध्ये जातं. पाइपात काजळी, सेन्सरवर थर, स्टार्ट करताना थोडा निळसर धूर, हे सगळं त्यातूनच येतं.

थोडं तरी बॅक प्रेशर लागतंच, असं मेकॅनिक म्हणतो. खरं आहे का?

टर्बाइनच्या पुढे अजिबात लागत नाही. हा समज टर्बो नसलेल्या गाड्यांमधून आला आहे. तिथे पाइपची लांबी आणि व्यास यांवर दाबाच्या लाटा जुळवायच्या असतात, आणि फार जाड पाइप लावला की त्या लाटा विस्कटतात. लोकांनी त्याचा अर्थ ‘अडथळा हवा’ असा लावला. टर्बोत त्या लाटा टर्बाइनच्या चाकावरच मोडतात. पुढे उरतो तो फक्त दाब, आणि तो जितका कमी तितकं चांगलं.

कारण साधं आहे. टर्बाइन त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर काम करतं. समजा ते गुणोत्तर २ आहे. पुढे (हवेचा नेहमीचा दाब धरून) १.४ बार दाब असेल तर मागे, म्हणजे इंजिनाकडे, २.८ बार साचतो. पुढचा १.१ बार केला की मागचा २.२ वर येतो. पाइपात ०.३ बार वाचवले, इंजिनाच्या पोर्टवर ०.६ वाचले. जळलेला वायू आत कमी अडकतो, नवी हवा जास्त येते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटण्याचा, धोकाही कमी होतो.

तुमच्या गाडीत किती दाब आहे हे अंदाजाने ठरवू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात अडॅप्टर लावून मीटरभर धातूची नळी आणि पुढे साधा प्रेशर गेज जोडा, आणि ट्रॅकवर किंवा डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या रोलरवर) पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर वाचन घ्या. हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब दोन-तीन पीएसआयच्या आत (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) असेल तर पाइप मोकळाच आहे, त्यावर आणखी पैसे घालवू नका.

फक्त पाइप बदलला. बूस्ट कंट्रोलरला हातही लावला नाही. तरी बूस्ट वाढला. असं का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. याला बूस्ट क्रीप म्हणतात आणि मोकळ्या एक्झॉस्टच्या एफडीत तो हमखास भेटतो.

बूस्ट ठरलेल्या पातळीला पोचला की वेस्टगेट उघडतं आणि जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीचं वेस्टगेट त्या गाडीच्या मूळ, अडथळ्याच्या एक्झॉस्टला पुरेल एवढंच मोठं ठेवलेलं असतं. पुढचा अडथळा गेला की टर्बाइनमधून वायू जास्त जोरात निघतो, चाकाला जास्त ताकद मिळते. वेस्टगेट सताड उघडलं तरी त्या छोट्या भोकातून पुरेसा वायू निसटत नाही. परिणाम: ४,५०० आरपीएमला सुई बरोबर १० पीएसआयवर असते, आणि आरपीएम वाढत जाईल तशी ती हळूहळू १२, १३, १४ करत वर सरकते. थंड हवेत अजूनच. हवा दाट असते.

बूस्ट स्पाइक आणि क्रीप यांत गल्लत करू नका. स्पाइक म्हणजे सुई क्षणभर वर जाऊन परत खाली येते. तो कंट्रोलरच्या सेटिंगचा दोष, आणि सेटिंगने जातो. क्रीपमध्ये सुई परत येतच नाही, आणि त्यावर कोणताही बूस्ट कंट्रोलर चालत नाही. कंट्रोलर वेस्टगेट जास्त वेळ बंद ठेवू शकतो, स्प्रिंग ठरवते त्यापेक्षा जास्त उघडू शकत नाही. महागडा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घेऊन क्रीप थांबवायला निघालेले बरेच जण पाहिले आहेत. वाईट वाटतं, कारण तेवढ्यात वेस्टगेटचं काम झालं असतं.

खरे उपाय दोन. एक, टर्बोचं आतलं वेस्टगेट उघडून भोक मोठं करणं आणि गरज पडली तर झडपही मोठी बसवणं. हे अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावं, कारण झडप नीट टेकली नाही तर बूस्ट बनतच नाही. दोन, सिंगल टर्बो असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर स्वतंत्र बाहेरचं वेस्टगेट. त्यात नुसता आकार पुरेसा नाही. त्याची नळी वायूच्या प्रवाहाच्या दिशेने सुटायला हवी. काटकोनात किंवा उलट्या दिशेने काढलेली मोठी नळीसुद्धा क्रीप देते, कारण वायूला वळून जाण्यापेक्षा सरळ टर्बाइनमध्ये शिरणं सोपं पडतं.

चार-पाच पीएसआय जास्त गेले तर एवढं काय बिघडतं?

अॅपेक्स सील फुटतो. या इंजिनातले सील लोखंडाचे आणि २ मिमी जाडीचे असतात. बूस्ट वाढला, पेट्रोल त्या मानाने वाढलं नाही, मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं), नॉकिंग झालं, की तो हातोडा थेट या पट्टीवर बसतो. पिस्टन इंजिन चार-दोन ठोके सोसून घेतं. रोटरीला पूर्ण बूस्टवरचा एकच जोराचा ठोका पुरतो. फुटलेला तुकडा हाउसिंगवर ओरखडे काढत एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो आणि पुढे टर्बाइनच्या चाकावर आदळतो. म्हणजे एका झटक्यात इंजिन आणि टर्बो दोन्ही जातात.

मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून करायलाच हवा का? मला फक्त आवाज हवाय.

हवा. तुम्हाला आवाजच हवा असला तरी इंजिनाला हवा जास्तच मिळणार आहे.

एफडीचा ईसीयू हवा मोजत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि आरपीएम पाहून तक्त्यावरून पेट्रोल ठरवतो. एक्झॉस्ट मोकळा झाला की त्याच दाबाला, त्याच आरपीएमला जास्त हवा आत येते, आणि हे त्या तक्त्याला माहीतच नसतं. बूस्ट काट्यावर १० राहिला तरी मिश्रण आधीपेक्षा लीन होतं. एफसीत हवा मोजणारा मीटर आहे, त्यामुळे ती थोडीफार सांभाळून घेते, पण त्या मीटरलाही मर्यादा आहे, आणि तिच्यापुढे तो आंधळा होतो.

फक्त शेवटचा मफलर बदलणार असाल आणि बाकी सगळं मूळचं असेल, तर बूस्टवर लक्ष ठेवून चालवता येतं. डाउनपाइपला हात लावलात की बूस्ट गेज हवाच. डाउनपाइपमधला आणि मधला, असे दोन्ही कॅट गेले की प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि रोटरी जाणणारा ट्यूनर, याला पर्याय नाही. पिस्टन गाड्यांवर हात बसलेला ट्यूनर कितीही चांगला असला तरी इथे त्याच्या सवयी उलट्या पडू शकतात. पिस्टन टर्बोत जे मिश्रण सुरक्षित, ते इथे लीन ठरतं.

एअर-फ्युएल (हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण) किती ठेवायचा आणि सेन्सर कुठे बसवायचा?

पेट्रोलवर पूर्ण बूस्टला ११ च्या आसपास. ११.५ च्या वर वाचन गेलं तर पाय काढा आणि कारण शोधा.

वाइडबँड, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा सेन्सर. त्याचं बूड (तो आवळायची आट्यांची बैठक) टर्बोच्या आधी कधीही लावू नका. तिथल्या दाबाने वाचन चुकतं आणि उष्णतेने सेन्सर मरतो. टर्बोपासून साधारण ६० ते ९० सेंटिमीटर पुढे, पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, घड्याळात १० ते २ वाजताच्या मधे कुठेही. खालच्या बाजूला लावला तर गाडी थंड असताना साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि ते तडकतं. हे बूड पाइप बनवतानाच वेल्ड करून घ्या.

एक सापळा: सेन्सरच्या आधीच्या जोडात बारीक गळती असेल तर स्लोवर (आयडलिंगला) बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज खोटं लीन दाखवतं. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत बसण्याआधी जोड तपासा.

पाइप किती इंची घ्यावा?

मूळच्या जुळ्या टर्बोंना ३ इंच, म्हणजे ७६ मिमी, भरपूर आहे. मोठा सिंगल टर्बो आणि ४०० हॉर्सपॉवरच्या पुढचा बेत असेल तर साडेतीन इंच. १.६ मिमी जाडीच्या नळीत ३ वरून ३.५ वर गेलं की आतलं क्षेत्रफळ जवळजवळ ३८ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे ही पायरी दिसते तेवढी छोटी नाही. चार इंची पाइप टर्बोला आवडतोच, पण तो गिअरबॉक्सच्या बाजूच्या बोगद्यातून न्यायचा आणि जमिनीपासून उंचही ठेवायचा, हे रस्त्यावरच्या गाडीत अवघड जातं.

व्यासापेक्षा वळणांकडे जास्त लक्ष द्या. साध्या बेंडरवर वाकवलेली नळी वळणावर चपटी होते आणि तुमचा ३ इंची पाइप तिथे अडीच इंचीच उरतो. मॅन्ड्रेल बेंड, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेली नळी, घ्या.

धातू कोणता?

३०४ स्टेनलेस बहुतेक कामाला उत्तम. डाउनपाइपला परवडलं तर ३२१. त्यात टायटॅनियम मिसळलेलं असल्यामुळे सतत लालबुंद होऊनही वेल्डच्या कडेला तडे जाण्याचा धोका कमी. माइल्ड स्टील चालतं, गंजतं, तरी वेल्ड करायला सोपं. टायटॅनियमचा पाइप वजनाला सुंदर असतो, पण तो मागच्या भागातच ठेवा. टर्बो रोटरीच्या डाउनपाइपला तो नको. गॅल्व्हनाइज्ड नळी मात्र कुठेच नको. वेल्ड करताना जस्ताचा विषारी धूर होतो.

वेल्डिंग करून घेताना काय बघायचं?

टीग वेल्डिंग आणि नळीच्या आतून आर्गॉन. आतून आर्गॉन न सोडता स्टेनलेस जोडलं तर बाहेरून शिवण इंद्रधनुषी देखणी दिसते आणि आतल्या बाजूला साखरेच्या दाण्यांसारखा काळा, खडबडीत थर जमतो. तिथूनच पुढे तडा जातो. फॅब्रिकेटरला कापलेला एक नमुना दाखवायला सांगा, लाजू नका.

पाइपचे तुकडे गाडीखाली फक्त टॅक मारून बसवायचे, सगळ्या जागा तपासायच्या, मग खाली काढून टेबलावर पूर्ण वेल्ड. गाडीवर वेल्ड करायची वेळ आलीच तर बॅटरी आणि ईसीयू सोडवा. जोडांना व्ही-बँड क्लॅम्प घ्या. ट्यूनिंगच्या काळात हा पाइप तुम्ही चार-पाच वेळा तरी उतरवणार आहात.

थंड असताना छान बसतो, तापल्यावर खडखडतो. का?

कारण तो लांब होतो. ३ मीटरचा स्टेनलेस पाइप ५०० डिग्रीने तापला की साधारण २७ मिमी वाढतो. ही वाढ कुठेतरी जायला हवी. एफडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी पॉवर प्लांट फ्रेम पाइपच्या शेजारूनच धावते, आणि पाइप तिला टेकला की अख्ख्या गाडीत थरथर येते. माझ्या पहिल्या पाइपाचं असंच झालं होतं. गॅरेजमध्ये बोटभर अंतर होतं, वीस मिनिटं चालवल्यावर शून्य.

म्हणून डाउनपाइपनंतर एक लवचीक बेलो, रबराचे हँगर, आणि हँगर लावताना पाइप मागच्या दिशेने सरकेल याची मोकळीक. बेलो आतून जाळीची अस्तरवाली असावी. सगळं घट्ट बांधलं तर ताण टर्बोच्या फ्लॅंजवर जातो आणि तिथले स्टड तुटतात. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि टाकी यांच्याजवळ मूळच्या उष्णतारोधक पत्र्या परत लावा. कॅट गेला म्हणून त्या काढून टाकणारे पुढे गाडीचा कार्पेट जळाल्याची तक्रार करतात.

आवाज किती होईल?

पूर्ण रिकामा पाइप असह्य होतो, हे स्पष्टच सांगतो. १०० डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहतात ते दिवसाला जेमतेम १५ मिनिटं. आणि शेजाऱ्यांनी हा छंद निवडलेला नाही. आरपार भोकाची नळी असलेला रेझोनेटर आणि तसाच आरपार मफलर बसवा. वायू सरळ जातो, ताकद जवळजवळ तेवढीच राहते. त्यातली साधी फायबरग्लास भरणी मात्र रोटरीच्या उष्णतेत जळून उडून जाते. आतल्या थराला स्टेनलेसची लोकर असलेला घ्या.

हायवेवरची घुमघुम वेगळी गोष्ट आहे. दोन रोटरचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा धूर सोडतं, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा. १०० हर्ट्झचा हा सूर केबिनमध्ये डोकं उठवतो. त्यावर मुख्य पाइपला टी काढून टोक बंद केलेली साधारण १.२ मीटरची नळी जोडतात. लाट आत जाऊन परत येते तेव्हा उलटी झालेली असते आणि मूळ लाटेला मारते. आतल्या वायूच्या तापमानावर नेमकी लांबी बदलते, म्हणून बंद टोक पुढे-मागे सरकवून बघा.

मागून ज्वाळा येतात. चालतं का?

थ्रॉटल सोडल्यावर थोडं न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटतं. रोटरी रिच (पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणावर) चालते, त्यामुळे एखादी ज्वाळा स्वाभाविक आहे. मुद्दाम ट्यूनिंग करून ज्वाळा काढणं टर्बाइनला आणि बंपरला महागात पडतं. गाडी फ्लड झाली असेल तर कच्चं पेट्रोल पाइपात साचलेलं असतं. स्टार्ट करताना मागे कोणाला उभं राहू देऊ नका. वाळक्या गवतावर पार्क करू नका.

एअर पंप काढू का?

हा पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडून कॅटला मदत करतो. कॅट गेल्यावर त्याचं मुख्य काम संपतं. अर्धवट जोडलेला पंप पोर्टमध्ये हवा सोडत राहिला तर ज्वाळा आणि फटाके वाढतात. काढायचाच तर त्याची नळी आणि पोर्ट प्लेटने नीट बंद करा. आणि पंप गेल्यावर वॉटर पंपाच्या पट्ट्याची पकड कमी होणार नाही ना, हेही बघा.

रस्त्यावर कॅट काढून चालवता येईल का?

बहुतेक देशांत सार्वजनिक रस्त्यावर ते बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रोटरीच्या कक्षाच्या कोपऱ्यांत आग पोचत नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल ही गाडी आधीच जास्त सोडते. पूर्ण स्ट्रेट पाइप ट्रॅकपुरता ठेवा. रोजच्या एफडीला मी मोकळा डाउनपाइप, मोठ्या जाळीचा हाय-फ्लो कॅट आणि आरपार मफलर हेच सुचवेन. त्या कॅटचा थोडासा अडथळा मूळच्या वेस्टगेटलाही सांभाळून घेतो.

केबिनमध्ये धुराचा वास येतो.

गाडी लगेच थांबवा, काचा उघडा. कॅटशिवाय रोटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि त्याला स्वतःचा वास नाही. तुम्हाला येतो तो पेट्रोलचा आणि तेलाचा. पाइपचं टोक बंपरच्या बाहेर निघालेलं हवं, नाहीतर मागच्या पोकळीतून धूर डिकीच्या दाराच्या रबरातून आत ओढला जातो. जोडांतली गळती थंड इंजिनावर साबणाचं पाणी टाकून शोधा.

बसवून झालं. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी स्लोवर पूर्ण तापू द्या आणि गळती ऐका. मग तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू आरपीएम वाढवत, एक डोळा बूस्टवर आणि एक वाइडबँडवर. शेजारी कोणी बसलं असेल तर वाचन त्यालाच करू द्या. सुई ठरलेल्या आकड्यावर थांबली नाही तर त्याच क्षणी पाय काढा, वरच्या आरपीएमपर्यंत जाऊन खात्री करत बसू नका. परत येऊन गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि दुसऱ्या सकाळी टर्बोच्या आणि डाउनपाइपच्या फ्लॅंजचे नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा. दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर आणखी एकदा. पहिल्यांदा आवळताना ते नक्की थोडे फिरतील.